ढमीला घर पाहिजे: रोज येणाऱ्या प्रश्नांची एकदाच सविस्तर उत्तरं

आम्ही सोडवून आणलेल्या ढमी कुत्रीचा फोटो फिरायला लागल्यापासून फोन आणि मेसेज थांबत नाहीयेत, त्याबद्दल सगळ्यांना थँक्यू, पण बहुतेक जण तेच तेच विचारतात आणि मी तेच तेच टाइप करते, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. प्लीज फोन करायच्या आधी हे पूर्ण वाचा. लांब आहे, माहितीये. कुत्रं पुढची पाच-सहा वर्षं सांभाळायचं असेल तर पंधरा मिनिटं वाचायला हरकत नसावी.

ढमी म्हणजे नक्की कोण?

पिवळी लॅब्रॅडॉर, मादी, दात बघून डॉक्टरांनी वय पाच-सहा वर्षं सांगितलंय. पुण्याच्या कडेला एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या मागे दोन हात साखळीला बांधलेली होती, वर पत्रा पण नाही, पाण्याच्या डब्यात शेवाळ, आणि कोणीतरी आठवड्यातून एक-दोनदा हॉटेलातलं उरलेलं आणून टाकायचं तेवढंच खाणं. नखं वाढून आत वळलेली, गळ्यातला पट्टा कातडीत रुतलेला, अंगावर केस कमी आणि गोचीड जास्त. बरगड्या मोजता येत होत्या म्हणून आमच्या बाबांनी गमतीत ढमी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. हाकेला येते, पण तुम्हाला बदलायचं असेल तर खुशाल बदला, खाऊ हातात असेल तर ती कुठल्याही नावाला येते.

लॅब्रॅडॉर आहे म्हणता, मग एवढं महागाचं कुत्रं कोण असं टाकेल?

सगळेच टाकतात हो. पिल्लू असताना मुलाच्या वाढदिवसाला आणलेलं असतं, मग ते तीस किलोचं होतं, सोफा फाडतं, केस गळतात, साहेबांची बदली होते. ढमीच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. तिचे स्तन लोंबलेले आहेत, म्हणजे तिच्याकडून पुन्हा पुन्हा पिल्लं काढून घेतलेली आहेत आणि त्या धंद्यातून बाद झाल्यावर तिला तिथे नेऊन बांधलं असावं असं डॉक्टरांचं मत. खरं तर २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरने, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याने, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण ऑनलाइन जाहिरातीतून पिल्लू घेताना नोंदणी नंबर विचारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पिल्लाचा फोटो बघून आपण विरघळतो, त्याची आई कुठे ठेवलीये ते बघायला कोणी जात नाही.

तिच्यापासून एकदा पिल्लं काढता येतील का? एक पिल्लू आम्हाला, बाकीची तुम्ही वाटा.

नाही. नसबंदीचं ऑपरेशन झालंय, टाके पण निघालेत. आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी पुढे उत्तर देत नाही, राग मानू नका.

फुकट देताय का?

पैसे घेत नाही. पण फुकट पडणार नाही हे आत्ताच सांगते. आमच्याकडे तिचं खाणं महिन्याला साधारण साडेतीन-चार हजारात जातं, त्यावर दरवर्षी रेबीजची लस आणि नाइन-इन-वन, म्हणजे बाकीच्या आजारांवरची एकत्र लस, तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचीड न लागण्याची गोळी, आणि मधेच काहीतरी उपटतंच, लॅबना, म्हणजे लॅब्रॅडॉरना, कानाचं इन्फेक्शन आणि म्हातारपणी सांधेदुखी ठरलेली. महापालिकेचं लायसन्स पण काढायचं, तुमच्या नावावर, ते मी बघितल्याशिवाय सोडत नाही. एका आजारपणात दहा-पंधरा हजार गेले तर घरात भांडण होणार असेल तर आधी घरात बोलून घ्या, मग मला फोन करा.

आता तब्येत कशी आहे?

चांगली आहे, पण काय काय झालं होतं ते सगळं सांगते, लपवून कुत्रं गळ्यात मारायचं नसतं.

आली तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त तपासलं तर टिक फीवर, म्हणजे गोचिडातून पसरणारा एर्लिकिया, प्लेटलेट्स एकदम खाली. डॉक्सीसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स पूर्ण झालाय, नंतरचा रिपोर्ट नॉर्मल आहे, सगळे कागद फाइलमध्ये आहेत. हा आजार कधीकधी परत डोकं वर काढतो, त्यामुळे ती अचानक खायची थांबली, ताप आला किंवा नाकातून रक्त आलं तर दोन दिवस वाट बघायची नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं.

दुसरं म्हणजे खरूज. कातडी खरवडून तपासली, किडे निघाले, औषध झालं, आता केस छान आलेत, कोपरांवर थोडी टक्कल राहिलीये ती राहील. तिथल्या कोणीतरी दया येऊन तिच्या पाठीला गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडलेलं होतं. हा उपाय गावोगाव करतात आणि तो विषारी आहे, कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटतं म्हणजे पोटात पण जातं. खरजेवर आजकाल साध्या गोळ्या आहेत हो, डॉक्टरला दाखवा फक्त.

वजन आलं तेव्हा १५ किलो होतं, आता २४ आहे, अजून दोन-तीन किलो चालेल, त्याच्या वर नको. लॅब आहे, पोट भरलंय हे तिच्या डोक्याला कळतच नाही.

चावते का?

मला हा प्रश्न सगळ्यात आवडतो कारण यालाच लोक खोटं उत्तर देतात. आजपर्यंत चावलेली नाही. पण जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेलं तर गुरगुरते, आणि सुरुवातीला दात दाखवले होते. उपाशी राहिलेलं कुत्रं आहे, त्याच्या दृष्टीने भांड्याजवळ येणारा प्रत्येक जण चोर. गुरगुरल्यावर मारायचं नसतं, मारलं तर कुत्रं गुरगुरायचं सोडतं आणि पुढच्या वेळी न सांगता चावतं. आम्ही काय केलं, ती खात असताना लांबून जाता जाता चिकनचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं, हळूहळू अंतर कमी. आता मी शेजारी उभी राहिले तर शेपूट हलवते, पण नवीन माणसाने पहिल्या दिवशी भांडं उचलायला जाऊ नये. तिला कोपऱ्यात शांत जागी खायला द्या आणि खाऊ द्या, एवढंच.

घरात तीन वर्षांचं मूल आहे, चालेल का?

वरचं उत्तर वाचलंत ना. मूल खेळता खेळता भांड्याकडे जाणार, आणि तुम्ही चोवीस तास बघणार नाही, कोणीच बघू शकत नाही. मुलं दहाच्या पुढची, सांगितलेलं ऐकणारी असतील तर आनंदाने या. लहान मुलं असलेल्यांसाठी दुसरी कुत्री आहेत, मी सुचवेन.

मांजर आहे / दुसरं कुत्रं आहे.

कुत्र्यांशी पटतं, फक्त जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. मांजरीच्या मागे धावते. शेजारची मांजर पत्र्यावर चढून बसते आणि ढमी खाली उभी राहून कुई कुई करते, मारायचा हेतू वाटत नाही, पण खात्री देणार नाही.

कशाकशाला घाबरते?

साखळीच्या आवाजाला. गेटची कडी वाजली तरी सुरुवातीला लघवी व्हायची, आता फक्त टेबलाखाली जाते. पाण्याच्या पाइपला, झाडूला, आणि हेल्मेट घातलेल्या माणसाला, म्हणजे डिलिव्हरीवाल्या प्रत्येकाला. फटाके विचारूच नका, म्हणूनच दिवाळीच्या आठवड्यात मी कुठलंच कुत्रं नवीन घरी देत नाही, नवीन घर आणि सुतळी बॉम्ब एकदम आले की कुत्रं जीव घेऊन पळतं आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो.

शी-शू बाहेर करते का?

करते. बांधलेल्या जागीच सगळं करायची सवय होती, त्यामुळे पहिले काही आठवडे आमच्या फरशीने खूप सोसलं. आता सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी बाहेर नेलं तर घर स्वच्छ. तुमच्याकडे आल्यावर पहिले काही दिवस परत चुकेल, फिनेल तयार ठेवा आणि ओरडू नका. आमच्यात एक तीनाचा हिशोब सांगतात, पहिले तीन दिवस कुत्रं भांबावलेलं असतं, तीन आठवड्यांत घरचं वेळापत्रक कळतं आणि तीन महिन्यांत ते घर आपलं वाटायला लागतं. ढमीला माझ्याकडे जास्तच लागले. त्यामुळे चौथ्या दिवशी फोन करून "ती आमच्यात मिसळत नाहीये" म्हणू नका.

आम्ही शाकाहारी आहोत.

पुण्यात हा प्रश्न येणारच! अंडी, पनीर, दही आणि पॅकेटमधलं कुत्र्याचं खाणं चालत असेल तर काही अडचण नाही. काही घरांत अंडंसुद्धा चालत नाही, तिथे शाकाहारी डॉग फूड मिळतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. पण नुसती दूध-पोळी आणि वरण-भात यावर लॅब्रॅडॉर जगवता येत नाही, प्रोटीन लागतंच, आणि दुधाने बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात, ढमीला तर नक्की होतात. मटण-चिकन खाणाऱ्यांसाठी उलटी सूचना, शिजवलेली हाडं द्यायची नाहीत, ती तुटून टोकदार होतात. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कोणीच द्यायचं नाही. सत्यनारायणाचा प्रसाद मनुका काढून.

फ्लॅटमध्ये राहतो, सोसायटी परवानगी देईल का?

सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही, सगळ्यांनी मिळून ठराव केला तरी नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे, लिफ्टची पण अडवणूक करता येत नाही. आपली बाजू म्हणजे लायसन्स, लसीकरणाचं पुस्तक, पट्टा लावून नेणं आणि शी उचलणं. शी उचला हो, प्लीज! निम्मी भांडणं त्यावरून असतात आणि मग ते लोक बिचाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर राग काढतात. भाड्याने राहत असाल तर घरमालकाचं लेखी हो पाहिजे, तोंडी नको, अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट बदलताना तोंडी सगळं विसरलं जातं.

आमचं शेत आहे, मोकळी जागा आहे, राखणीला ठेवू.

हा प्रस्ताव सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर जवळजवळ कायम नाही असतं. मोकळी जागा म्हणजे नक्की काय ते विचारलं की कळतं, दिवसभर झाडाला बांधणार आणि रात्री सोडणार, मालक राहणार शहरात, गडी भाकरी टाकणार. म्हणजे जिथून आणली तेच, फक्त हवा चांगली. आणि जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो, त्याच्या खाण्यात गावातल्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं ताट. तुम्ही स्वतः शेतावर राहता, कुत्रं रात्री घरात झोपणार, असं असेल तर जरूर बोला. राखणीचं म्हणाल तर ढमी चोराला बिस्किट मागेल.

पोलिसात का नाही दिलं त्या मालकाला?

दिलं असतं तर काय झालं असतं ते सांगते. प्राण्यांशी क्रूरपणा रोखणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात हे सगळं लिहिलेलं आहे, फार आखूड किंवा फार जड साखळीने बांधणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं, आणि उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं, सगळे गुन्हे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास! ढमीची साखळी याच्यापेक्षा महाग होती. तरी कायद्याचा उपयोग होतो, कारण दंड किरकोळ असला तरी कोर्टात कोणाला जायचं नसतं. आम्ही आधी मालकाशी गोड बोललो, त्याने उडवून लावलं, मग लेखी तक्रार घेऊन चौकीत गेलो, तिथल्या एका हवालदारांनी स्वतः येऊन त्याला कलम वाचून दाखवलं, तेव्हा त्याने कुत्रं सोडत असल्याचं लिहून सही करून दिलं. मला तो कागद पाहिजे होता, शिक्षा करत बसले असते तर केस संपेपर्यंत ढमी राहिली नसती.

मग मालक परत मागायला आला तर?

तोच कागद. म्हणूनच रात्री गुपचूप साखळी तोडून आणायचा सल्ला मी कोणाला देत नाही, मनात कितीही आलं तरी. कायद्याने कुत्रं ही मालमत्ता आहे, तुमच्यावर चोरीची तक्रार होऊ शकते आणि कुत्रं परत त्याच जागी जाऊ शकतं. मालक दोषी ठरला तर कलम २९ खाली कोर्ट प्राणी त्याच्याकडून काढून घेऊ शकतं, पण तो लांबचा रस्ता.

आमच्या इथे पण असंच एक कुत्रं बांधलेलं आहे, तुम्ही येऊन घेऊन जाल का?

नाही येऊ शकत, जागा नाहीये. पण तुम्ही करू शकता, खरंच. आधी मालकाशी बोला, आणि आरोप करत जाऊ नका, "आम्ही सकाळी फिरवून आणू का?" असं विचारा, कधीकधी त्याला पण सुटका पाहिजे असते, फक्त लाज वाटत असते. तारखेसकट फोटो-व्हिडिओ काढत राहा. देतो म्हणाला तर तिथेच कागदावर लिहून घ्या, वर्णन, तारीख, सही, दोन साक्षीदार. नाही म्हणाला तर पोलिसांत लेखी अर्ज, शिक्का मारलेली कॉपी स्वतःकडे. जखमी असेल तर पुण्यात रेस्क्यू ट्रस्ट आहे, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने सगळीकडे आहेत, १९६२ हा टोल फ्री नंबर पण आहे पण तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी चालतो.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठा धोका म्हणजे आपलं प्रेम. खूप दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घातलं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि ते मरू शकतं, लोकांना हे पटतच नाही. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, डॉक्टर सांगतील तसं वाढवत न्यायचं. पाणी मात्र कायम समोर. पहिल्या दिवशी अंघोळ घालू नका. माणसांची क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम वगैरे गोळ्या अजिबात नाहीत. घरातल्या कुत्र्यांपासून किमान दोन आठवडे वेगळं ठेवा, डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे साथीचे आजार असेच घरात शिरतात.

आणि दुखणाऱ्या कुत्र्याला हात लावताना ते चावू शकतं. चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करायचं, "कुत्रं ओळखीचं आहे" म्हणून थांबायचं नाही. रेबीज झाल्यावर उपाय नाही. नेहमी हे काम करणार असाल तर आधीच लस घेऊन ठेवता येते, मी घेतलीये.

एवढं प्रेम आहे तर तुम्हीच का नाही ठेवत?

दिवसातून एकदा तरी हे ऐकते. घरात आमची दोन कायमची आहेत, टू बीएचके आहे, आणि ढमी इथेच राहिली तर पुढचं कुत्रं आणायला जागा राहणार नाही. शिवाय ढमीला एकटीचं घर पाहिजे असं मला वाटतं, जिथे भांड्यासाठी नंबर लावायला लागणार नाही. आमच्या बाबांचं मत वेगळं आहे, पण ते प्रत्येक कुत्र्याच्या वेळी वेगळं असतं.

शेल्टरला का देत नाही?

शेल्टर आधीच गळ्यापर्यंत भरलेत, आणि बऱ्या झालेल्या कुत्र्याने आजारी कुत्र्याची जागा अडवायची नसते.

पुण्याबाहेर द्याल का? आम्ही नागपूरला / गोव्यात / बाहेरच्या देशात असतो.

महाराष्ट्र-गोवा चालेल, पण तुम्ही स्वतः एकदा येऊन तिला भेटायचं. गाडीने न्या, उलटी होते, टॉवेल ठेवा. रेल्वेने न्यायची तर फर्स्ट एसीची पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर पाहिजे, ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या, पिंजऱ्यात मी पाठवणार नाही. नागपूरकरांनो, मे महिन्यात ४५ डिग्रीला कूलर किंवा एसी तिच्यासाठी पण चालू राहणार का ते सांगा. परदेशातल्यांना मनापासून थँक्यू, पण युरोपात न्यायचं तर मायक्रोचिप, रेबीजची लस, मग लस लागू पडली का ते बघणारी रक्ताची टायटर टेस्ट, आणि त्यानंतर तीन महिने थांबणं असं सगळं आहे, तोपर्यंत ती कोणाकडे राहणार हे आधी ठरवून बोला.

प्रोसेस काय आहे?

आधी फोनवर गप्पा, मग घरातल्या सगळ्यांनी येऊन भेटायचं, सगळ्यांनी म्हणजे आजींनी पण, कारण दुपारी घरी त्याच असणार. मग मी तुमच्या घरी चहाला येईन आणि बाल्कनीचं ग्रिल बघेन. दोन आठवडे ट्रायल, मग अॅग्रीमेंट. त्यात एक अट आहे जी मी सोडत नाही, काहीही कारणाने नाही जमलं तर ती माझ्याकडेच परत यायची, अर्ध्या रात्री आलात तरी दार उघडेन, पण परस्पर कोणाला द्यायची नाही आणि सोडून तर मुळीच द्यायची नाही. नंतर मी अधूनमधून फोटो मागणार. एकदा एका घरी मी नाही म्हटल्यावर त्यांनी मला बरंच सुनावलं, की कुत्रं देताय का मुलगी. असू दे. घर मिळायला उशीर झाला तर चालेल, परत बांधली गेलेली चालणार नाही.

म्हातारी व्हायला आलीये, मग घेण्यात काय अर्थ?

लॅब साधारण दहा-बारा वर्षं जगतात, म्हणजे अजून निम्मं आयुष्य आहे. पिल्लासारखी चपला खात नाही, रात्रभर रडत नाही, कशी आहे ते समोर दिसतंय. रिटायर्ड जोडप्याला तर असं शांत, मध्यमवयीन कुत्रंच बरं पडतं.

आम्ही घेऊ शकत नाही, पण काहीतरी मदत करायचीये.

कुत्र्याला गाडीतून डॉक्टरकडे नेणारं माणूस मला सगळ्यात जास्त लागतं, रिक्षावाले थांबत नाहीत. आम्ही गावाला गेलो की चार दिवस कोणी ढमीला ठेवून घेतलं तर फार उपकार होतील. पैसे मला पाठवू नका, द्यायचेच असतील तर डॉक्टरांकडे तिच्या नावाने बिलात भरा, पावती तिथेच मिळते. जुन्या चादरी आणि टॉवेल कितीही चालतील. उशा आणि गाद्या नको, ती फाडून कापूस खाते.